गिरणीच्या टीममधला पोऱ्या : लू ब्रिसी (१९२४–२०१३)

मागवाला

मंडळी, या वेळी क्रिकेट नाही, बेसबॉल. "आम्हाला त्यातलं काय कळतंय" म्हणून लगेच मागे फिरू नका. मलाही फारसं कळत नाही. पण कापडाची गिरणी कळते, आणि ही गोष्ट गिरणीतच सुरू होते.

मी मूळचा इचलकरंजीचा, बरीच वर्षं साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला आहे. इथं आलो त्या पहिल्याच आठवड्यात गाडीतून विटांची एक पडीक गिरणी दिसली. लांबच लांब खिडक्या, काचा फुटलेल्या, वर धुराडं. आईला फोनवर म्हटलं, इथंही आपलंच गाव आहे. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, तर हे लोक एकेकाळी ग्रीनव्हिलला थेट जगाचं कापडकेंद्र म्हणायचे. आपल्यापेक्षा दोन पावलं पुढेच!

इथल्या मालकांनी कामगारांसाठी अख्खी गावं वसवली होती. घर गिरणीचं, दुकान गिरणीचं, चर्चला देणगी गिरणीची आणि बेसबॉलची टीमही गिरणीचीच. शनिवारी सुट्टी झाली की सगळं गाव मैदानावर. शूलेस जो जॅक्सन हे नाव काहींनी ऐकलं असेल. तो ग्रीनव्हिलच्या ब्रँडन मिलचा. पोरवयातच गिरणीत कामाला लागला आणि गिरणीच्याच टीममधून वर आला. त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडा.

मला सांगायचंय ते लू ब्रिसीबद्दल. जन्म ५ जून १९२४, अँडरसनला. वाढला सलूडा नदीकाठच्या वेअर शोल्समध्ये. तेही गिरणीचंच गाव. उंची सहा फूट चार इंच, डावखुरा. मिसरूड फुटायच्या वयात मोठ्या माणसांसोबत गिरणीच्या टीममध्ये पिचर म्हणून खेळायला लागला. बातमी फिलाडेल्फियाला कॉनी मॅकपर्यंत गेली. हे मॅकआजोबा म्हणजे वेगळंच प्रकरण. १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं एकाच टीमचे, अ‍ॅथलेटिक्सचे, मॅनेजर. बाकीचे मॅनेजर खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालून बसत, हे मात्र कोट, टाय आणि हॅटमध्ये. त्यांनी पोराला लगेच उचललं नाही. आधी शिक म्हणाले. क्लिंटन गावातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजमध्ये धाडलं. तिथला कोच चिक गॅलोवे हा मॅक यांचाच जुना खेळाडू.

तेवढ्यात युद्ध आलं. ब्रिसी सैन्यात गेला आणि १९४४ मध्ये इटलीत पोचला. ८८ वी इन्फंट्री डिव्हिजन, हुद्दा कॉर्पोरल. ७ डिसेंबर १९४४ ला अ‍ॅपेनाइन डोंगरात तोफेचा गोळा जवळ येऊन फुटला. डाव्या नडगीच्या हाडाचे तीसहून जास्त तुकडे झाले. दुसऱ्या पायालाही इजा. असा पाय कापायचा ही तेव्हाची सरळ रीत होती. हा गडी शुद्धीवर असेपर्यंत एकच धरून बसला होता : पाय कापू नका, मी बॉल खेळतो. नेपल्सच्या लष्करी इस्पितळात डॉ. ब्रुबेकर नावाचे सर्जन होते. त्यांनी ऐकलं.

एकूण तेवीस ऑपरेशनं झाली. आणि मॅकआजोबांचं पत्र आलं. आशय असा की आता तुझी ड्युटी बरं होणं एवढीच. खेळायला तयार झालास की कळव, संधी मी देतो.

पुढचं जेवणानंतर टाकतो. मुलगी क्लासहून यायची वेळ झाली.

साखरभात

अहो असं काय करता! पाय राहिला का ते तरी सांगून जा.

फुलटॉस

वाचतोय. एक अडाणी प्रश्न. पिचर म्हणजे आपला बॉलर ना? मग रनअप नसतो, जागेवरून टाकतो. पायाचं एवढं काय?

मागवाला

@साखरभात, राहिला. आयुष्यभर.

@फुलटॉस, प्रश्न अडाणी नाही, सगळी गोम तिथंच आहे. रनअप नसतो म्हणूनच पाय लागतो. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, तिथं जमिनीत रबराची एक पट्टी रोवलेली असते. डावखुरा असेल तर डावा पाय त्या पट्टीला लावायचा, सगळं वजन त्या पायावर घ्यायचं आणि तिथूनच अंग पुढं लोटून द्यायचं. बॅट्समन साठ फूट सहा इंचांवर. आपल्या बॉलरला जो वेग पंधरा-वीस पावलांत मिळतो, तो याला एका पायाच्या रेट्यातून काढावा लागतो. ब्रिसीचा तो पाय म्हणजे नेमका मोडलेला. उजवा मोडला असता तर गोष्ट निराळी झाली असती असं नाही, कारण धाडकन पडतो तो उजव्यावर. पण जोर डाव्याचाच.

तर पुढे. पायाला धातूचा ब्रेस, म्हणजे आधाराचा सांगाडा, बांधून गडी परत शिकला. ढांगा कमी केल्या, लय बदलली. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना गावच्या टीमकडून खालच्या लीगमध्ये खेळला. २३ सामने जिंकले, ५ हरले, २७८ स्ट्राइकआउट, म्हणजे फील्डरच्या मदतीशिवाय बाद केलेले बॅट्समन. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मॅकआजोबांनी शब्द पाळला. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, समोर यांकीज. जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं त्या दिवशी, त्यामुळं बेब रूथ आणि टाय कॉब हे दिग्गजही मैदानात. हरला ब्रिसी. हरणारच की.

पण १९ एप्रिल १९४८ ऐका. बॉस्टनचं फेनवे पार्क, समोर टेड विल्यम्स. म्हणजे आपल्या पोरानं रणजीतून येऊन समोर बघावं तर सर व्हिव रिचर्ड्स. विल्यम्सची एक खोड होती, चेंडू कायम उजव्या बाजूला ओढून मारायचा. इतका, की विरोधी संघ जवळपास सगळे फील्डर त्या बाजूला नेऊन ठेवायचे. त्या दिवशी मात्र त्यानं सरळ मारला. चेंडू सुसाट परत आला तो ब्रिसीच्या डाव्या पायावर, ब्रेसवर. धातूचा खणकन आवाज झाला आणि ब्रिसी आडवा. सगळं स्टेडियम चिडीचूप. विल्यम्स धावत जवळ गेला, तर हा पडल्या पडल्या त्यालाच झापतो की तू नेहमीसारखा ओढून का नाही मारलास!

उठला, पूर्ण सामना टाकला, ४-२ नं जिंकला.

लालबागचा_लाल

वा! काय लिहिलंय. गिरणीच्या टीमवरून गिरणगाव आठवलं. आमचे काका कबड्डीवर गिरणीत लागले. खात्यात नाव 'सांचेवाला', म्हणजे माग चालवणारा, पण सांचा कधी चालवला असेल तर शपथ. सकाळी हजेरी लावायची आणि प्रॅक्टिसला जायचं. मॅच जिंकली की जॉबर, म्हणजे मुकादम, स्वतः वडापाव आणायचा. संप झाला, गिरणी गेली, काकांची टीम गेली. ट्रॉफ्या भंगारात विकल्या म्हणे कुणीतरी. काका त्या विषयावर बोलत नाहीत.

त्या वेअर शोल्सची गिरणी आहे का अजून?

मागवाला

नाही. केव्हाच बंद झाली. मागच्या वर्षी मुद्दाम जाऊन आलो. नदी आहे, धरण आहे, कामगारांची एकसारखी बैठी घरं आहेत. मैदानावर पोरं खेळत होती, पण सॉकर.

अस्थिपंजर

मिरजेत हाडांचा डॉक्टर आहे, म्हणून तोंड खुपसतो.

सगळ्यांनी एक करा. स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवा. पुढच्या बाजूला हाड आणि कातडी, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. त्यामुळं त्या भागाला रक्तपुरवठा बेताचा. हाड मोडून कातडी फाटली की चिखलमाती सरळ आत, आणि भरून यायला शेजारी मांस नाही. आज स्कूटरवरून पडलेला पेशंट तासाभरात टेबलावर येतो, भारी अँटिबायोटिक असतात, तरी या जागेनं माझी झोप उडवलेली आहे. तिथं १९४४, डोंगर, डिसेंबर, चिखल, तीस तुकडे!

तो वाचला त्यात पेनिसिलिनचा मोठा वाटा असणार. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या पेशंटला पेनिसिलिन दिलं, तेव्हा साठा इतका तुटपुंजा की त्याच्या लघवीतून औषध परत गाळून घेऊन त्यालाच टोचत होते. तरी पुरलं नाही आणि तो गेला. त्यानंतर तीनच वर्षांत तेच औषध इटलीतल्या लष्करी इस्पितळात साध्या कॉर्पोरलला मिळत होतं. युद्धानं माणसं मारली तशी ही घाईही केली.

पण धागाकर्ते, एक विचारतो. पायाचं पुढं काय झालं? असं हाड 'बरं' होत नाही. आत मेलेलं हाड राहतं, त्याला पू होतो, भोक पडून वाहतं, सुकतं, परत वाहतं. ऑस्टिओमायलायटिस. चाळीस-पन्नास वर्षं ड्रेसिंग करणारे म्हातारे मी पाहिलेत. जिद्दीच्या गोष्टीत हा भाग कुणी लिहीत नाही.

मागवाला

डॉक्टर, बरोबर पकडलंत. तसंच झालं. पुन्हा पुन्हा इन्फेक्शन व्हायचं. खेळत असतानाही आणि नंतरही. दोन सामन्यांच्या मध्ये ताप, औषधं, पायाची निगा. म्हातारपणी कुबड्या. मला खरं तर या माणसात सगळ्यात जास्त हेच दिसतं. विल्यम्सचा फटका एका दुपारचा. पट्टी सोडायची, धुवायची, बांधायची हे साठ-सत्तर वर्षं. त्याला टाळ्या नसतात.

साखरभात

+१. माझ्या सासूबाईंच्या पायाला मधुमेहाची जखम होती, नऊ वर्षं. घरात येणारे लोक म्हणायचे, "काय हो यांची सहनशक्ती!" आणि मला रोज संध्याकाळी सात वाजता डेटॉलचा वास यायचा. ब्रिसीच्या बायकोबद्दल काही लिहिलं गेलंय का कधी?

आडवातिडवा

जरा विरजण घालतो, राग नसावा. आकडे काढले. ४४ विजय, ४८ पराभव, अर्न्ड रन सरासरी ४.०७ (नऊ डावांमागे दिलेले रन, कमी तितकं चांगलं). हा साधारण पिचर आहे. पाय धड असता तर आज नावही कुणी घेतलं नसतं. आपण लोक दुखापत म्हटली की डोळ्यांत पाणी आणतो आणि स्कोअरकार्ड बाजूला ठेवतो.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या त्या गोड गिरणीगावात काळे लोक कुठं होते? साउथ कॅरोलायनात १९१५ साली कायदाच केला होता की कापड गिरणीत गोऱ्यांसोबत काळ्यांनी एका खोलीत काम करायचं नाही. एकाच दारानं आत शिरायचं नाही. म्हणजे गिरणीची टीम गोरी. ब्रिसीला कॉलेजात पाठवायला मॅक होते. तेवढाच चांगला काळा पोरगा शेजारच्या वस्तीत असेल तर त्याला कोण होतं?

लालबागचा_लाल

आला, धाग्याचं काश्मीर करायला आला.

मागवाला

नाही, लाल, येऊ दे. त्याचं दुसरं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते मीच लिहायला हवं होतं. घरं, भोंगा, शनिवारचा सामना, हे सगळं 'आपलं' वाटलं म्हणून लिहीत गेलो. आपल्याकडंही गिरणीत कुणाला कुठल्या खात्यात घ्यायचं हे ठरलेलंच असायचं. धोटा रिकामा झाला की नवी कांडी भरताना विणकर सुताचं टोक तोंडानं ओढायचा, म्हणून विणखात्यात दलितांना घेत नसत. बाबासाहेबांनी यावर आवाज उठवलेला आहे. तेव्हा मला अमेरिकेतलं दार दिसायला इतका वेळ लागायला नको होता.

आकड्यांबद्दल मात्र भांडतो. १९४८ मध्ये १४ विजय १० पराभव, वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात चौथा. १९४९ मध्ये १६ विजय ११ पराभव आणि दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात निवड, तिथं तीन डाव टाकले. हा साधारण पिचर नव्हे. १९५० नं वाट लावली, ७ विजय १९ पराभव. पण त्या वर्षी अख्खी टीमच १०२ सामने हरली होती. मॅकआजोबांचं ते शेवटचं वर्ष. १९५१ ला त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं, १९५३ नंतर संपलं.

आणि तिडव्या, तुझ्याच मुद्द्याला पुरवणी : १९४९ चा तो ब्रुकलिनचा ऑल-स्टार सामना म्हणजे काळे खेळाडू पहिल्यांदा ज्यात खेळले तो. जॅकी रॉबिन्सन, कॅम्पानेला, न्यूकम, डोबी. त्याच मैदानावर हा वेअर शोल्सचा गोरा पोऱ्या ब्रेस बांधून उभा.

आडवातिडवा

हे माहीत नव्हतं. मान्य. ऑल-स्टारपुरतं मागे घेतो.

मग मीही एक देतो. लिऑन डे. काळ्यांच्या लीगमधला अव्वल पिचर. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. सप्टेंबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर, जर्मनीत अमेरिकी सैन्याच्या टीमांची फायनल झाली न्यूरेंबर्गला. नाझींचे मेळावे भरायचे त्या मैदानात! सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या. पण एका टीमचा कॅप्टन सॅम नेहम अडून बसला आणि त्यानं डे आणि विलार्ड ब्राउन या दोघा काळ्या खेळाडूंना घेतलं. डेनं एक सामना २-१ नं जिंकून दिला, आणि मालिकाही त्यांनीच जिंकली. हजारोंचं पब्लिक होतं. घरी परतल्यावर पुन्हा काळ्यांची लीग. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, निवड झाली मार्च १९९५ मध्ये. बातमी इस्पितळात कळली, आणि आठवड्याभरात गेला.

साखरभात

काय बोलावं. आठवडाभर.

ओसाकावासी

जाता जाता, दुसऱ्या बाजूचाही एक घ्या. इथं जपानमध्ये सर्वोत्तम पिचरला सावामुरा नावाचं पारितोषिक देतात. एइजी सावामुरा. १९३४ मध्ये बेब रूथ आणि मंडळी जपान दौऱ्यावर आली, तेव्हा सतरा वर्षांच्या या पोरानं रूथ आणि गेरिगसकट चौघांना लागोपाठ बाद केलं होतं. पुढं सैन्यात. खांदा चांगला म्हणून हातबॉम्ब फेकायचं काम, त्यात तो खांदाच कामातून गेला. २ डिसेंबर १९४४ ला त्याचं जहाज पाणबुडीनं बुडवलं.

तारीख बघा. ब्रिसीच्या पाच दिवस आधी.

फुलटॉस

अंगावर काटा आला. विल्यम्ससुद्धा लढाऊ वैमानिक होता ना?

मागवाला

हो. दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात शिकवायला होता, खरी लढाई पाहिली ती कोरियात. ३९ मोहिमा. एकदा पेटलेलं विमान पोटावर उतरवलं आणि उडी टाकून पळाला. म्हणजे फेनवेच्या त्या क्षणी समोरासमोर दोघेही सैनिकच.

कृष्णाकाठ

खूप दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी.

माझे पणजोबा नाही, सख्खे आजोबा. सातारा जिल्हा, मराठा पलटण. इटलीत होते. आमच्या भागात हे नवल नाही, जवळच अपशिंगे आहे, गावाच्या नावातच मिलिटरी. घरोघरी कुणी ना कुणी. पण आम्हाला शाळेत इटलीची लढाई कधी कुणी शिकवली नाही. 'ब्रिटिशांचं युद्ध' म्हणून पानं उलटली.

आजोबा बोलायचे नाहीत. दोनच गोष्टी ऐकल्यात. एक खेचरांची. डोंगरात गाडी चढत नसे, दारूगोळा खेचरावर जायचा, आणि खेचर पाय घसरून दरीत गेलं की त्याचा आवाज बराच वेळ यायचा. हे सांगून गप्प व्हायचे. दुसरी चिखलाची. "आपला चिखल पाऊस थांबला की वाळतोय. त्यो वाळतच नव्हता." थंडीत पायांना कळ लागायची. मी लहानपणी त्यांचे पाय चेपायचो, दहा पैसे मिळायचे.

ब्रिसी त्याच डोंगरांत होता हे वाचून कसंसंच झालं.

मागवाला

कृष्णाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी ब्रिसीचं वाचता वाचताच त्या मोहिमेकडं वळलो आणि मग आपलीच माणसं सापडत गेली. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या ठाण्यावर एकटेच धावून गेले, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं लढले, तिथंच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि नगरचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांतून उचलून आणलं, मग ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना देत मागच्या कंपन्यांना बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉस. जाधव घरी परतले, १९८४ पर्यंत होते.

मध्ये जो हिवाळा गेला, तो ब्रिसीचा आणि तुमच्या आजोबांचा. तीच डोंगररांग, तोच पाऊस.

अस्थिपंजर

कृष्णाकाठ, आजोबांच्या पायाला 'ट्रेंच फूट' झालेलं असू शकेल. ओल्या बुटांत दिवसेंदिवस राहिल्यानं नसा जातात, पुढं आयुष्यभर गारठ्यात पाय दुखतात. त्या मोहिमेत दोन्ही बाजूंच्या सैनिकांना झालेलं दुखणं आहे. दहा पैशांत स्वस्तात चेपून घेतले त्यांनी.

साखरभात

धागाकर्ते, शेवट राहिलाय. खेळणं सुटल्यावर काय केलं त्यानं?

मागवाला

हो, मध्येच भलतीकडं गेलो. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना, तिच्या पोरांच्या बेसबॉल स्पर्धा असतात देशभर. काही वर्षं त्यांचा प्रमुख होता. मग स्काउट म्हणून गावोगाव पोरं बघत हिंडला. उतारवयात नॉर्थ ऑगस्टाला राहायचा. नदीपलीकडं ऑगस्टात सैनिकांचं मोठं इस्पितळ आहे. इराकहून हात-पाय गमावून आलेली पोरं तिथं असायची. हा ऐंशी पार केलेला म्हातारा कुबड्या घेऊन त्यांच्याकडं जाऊन बसायचा. फार बोलत असेल असं मला वाटत नाही. पँट वर करून पाय दाखवला असेल. २५ नोव्हेंबर २०१३ ला ऑगस्टातच गेला, वय ८९. पाय त्याच्या सोबतच.

@साखरभात, बायकोबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला होता. उत्तर नाही माझ्याकडं. सात वाजताचा डेटॉलचा वास मात्र आता डोक्यातून जाणार नाही.

कृष्णाकाठ

धागा वर आणतोय, माफी असावी. या रविवारी गावी गेलो होतो. माळ्यावरची पेटी काढली. बटणांच्या डब्यात सापडला! सहा टोकांचा पितळेसारखा तारा, मध्ये राजाची अक्षरं, भोवती 'इटली स्टार'. रिबिन नाहीये. आजीनं कशाला तरी वापरली असणार, बहुतेक माझ्या आत्याच्या वेणीला.

ओसाकावासी

रिबीन लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पट्ट्यांची असते. नवी मिळते विकत. पण मी म्हणेन नका लावू, वेणीचीच गोष्ट ठेवा.

मागवाला

फोटो टाका! आणि एक विनंती, घासू बिसू नका. आहे तसाच राहू दे.

कृष्णाकाठ

उशीर झाला. आईनं चिंच लावून लखलखीत केलाय आणि देव्हाऱ्यात ठेवलाय.